तार मुकी का होते?

गिटारच्या तारांचं पाकीट विकत घेतलं की त्यावर तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत छापलेली असते, धातू कोणता तेही असतं. तार किती दिवस चालेल हे मात्र सहसा नसतं. औषधावर, बिस्किटांवर, गॅसच्या नळीवरसुद्धा मुदत असते, तारेवर नाही. वाजवणाऱ्यांना विचारावं तर तीन जण तीन उत्तरं देतात. मंचावर वाजवणारा सांगतो, दर कार्यक्रमाआधी नवा संच. शिकवणारा सांगतो, तीन महिने किंवा शंभर तास, यांतलं जे आधी भरेल ते. आणि गोव्यात दर रविवारी चर्चमध्ये वाजवणारा एखादा अंकल हसून सांगतो, "तुटेपर्यंत!" तिघंही खरंच बोलत असतात, कारण 'टिकणं' या शब्दाचे अर्थ तिघांचे वेगळे आहेत. तार न तुटणं हे एक टिकणं. तिनं बोलत राहणं हे दुसरं. गिटारच्या जाड तारा सहसा तुटत नाहीत. तुटायच्या पुष्कळ आधी त्या मुक्या होतात. हा लेख त्या मुकेपणाविषयी आहे.

मी सांगलीत राहतो, म्हणजे मिरजेच्या शेजारी. संगीताचं रीतसर शिक्षण नाही, पदार्थविज्ञानाचंही बारावीपुढे नाही. वाद्यं कशी बनतात आणि का बिघडतात याची टिपणं काढण्याची सवय मात्र पंचवीस वर्षांची. मिरजेत तंतुवाद्यं बनू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. फरीदसाहेब आणि त्यांच्या घरातले लोक मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारीचे दिवस सरले आणि हे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या गावात तंबोऱ्यावरच्या तारा वर्ष-वर्ष, कधी दोन-तीन वर्षं तशाच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि गवई त्यांच्यावर नाराज नसतो. त्याच गल्लीतला कॉलेजचा मुलगा गिटारच्या तारा महिन्या-दीड महिन्यात 'डेड' झाल्या म्हणून कुरकुरत असतो. दोन्हीकडे पोलाद बहुधा सारख्याच जातीचं. तंबोऱ्यासाठी नावाजलेली रोस्लाऊची जर्मन तार पियानोवर आणि इतर वाद्यांवरही वापरली जाते. मग एक तार वर्षानुवर्षं बोलते आणि दुसरी चाळीस दिवसांत गप्प होते, हे कसं?

आधी गप्प होणं म्हणजे काय ते पाहू. तार छेडली की ती नुसती एका झोक्यात हलत नाही. ती पूर्ण लांबीनं हलते, त्याच वेळी दोन अर्ध्यांत हलते, तीन तुकड्यांत, चार तुकड्यांत, असं पुढं पुढं. गिटारची सर्वांत खालची ई तार ८२ हर्ट्झला लावतात. तिच्यातून १६५, २४७, ३३०, ४१२ असे उपस्वर एकाच वेळी निघत असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार म्हणजे हाच पाचवा उपस्वर. नव्या गिटारच्या तारेत असे कितीतरी उपस्वर हजारो हर्ट्झपर्यंत चढत गेलेले असतात, म्हणून ती झणझणते, घंटेसारखी वाजते. जुन्या तारेत मूळ स्वर जवळजवळ तेवढाच मोठा आणि तेवढाच लांब राहतो. वरचे उपस्वर मात्र छेडल्या क्षणी चमकून लगेच विझतात. म्हणूनच स्वर लावण्याच्या यंत्राला मुकी तार ओळखता येत नाही. ते मूळ स्वर पाहतं आणि हिरवा दिवा लावतं.

हे मी संगणकावर पाहिलं आहे. ध्वनी मुद्रित करून त्याच्या कंपनसंख्यांचं चित्र काढणाऱ्या फुकट प्रणाली आज कुणालाही मिळतात. एकाच गिटारवर, एकाच नखीनं, एकाच जागी छेडून पहिल्या दिवशीचं आणि सहा आठवड्यांनंतरचं चित्र शेजारी ठेवलं, तर खालच्या चार तारांच्या चित्रात वरच्या रेषा तोकड्या झालेल्या दिसतात. झाडाची शेंड्याकडची पानं गळावीत तसं. वरच्या दोन तारांची चित्रं मात्र पहिल्यासारखीच होती. या दोन तारा बारीक असतात आणि नुसत्या पोलादाच्या असतात. हा फरक महत्त्वाचा आहे. तो लक्षात ठेवून आपण लोकांच्या समजुतीकडे वळू.

समजूत अशी : तार ताणून ताणून थकते. ऐकायला ती पटते, कारण ताण खरोखरच मोठा असतो. नेहमीच्या 'लाइट' संचात सहा तारांचा मिळून ताण ७४ किलोंच्या आसपास येतो. एक मोठा माणूस गिटारच्या घोडीला लोंबकळत असल्यासारखं. पहिली, सर्वांत बारीक तार जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यावर साडेदहा किलोंचा ताण. हिशेब केला तर तिची साधारण ६४५ मिलिमीटरची बोलती लांबी सुमारे साडेचार मिलिमीटर ताणलेली असते. तुटायला जेवढा ताण लागेल त्याच्या निम्म्याहून अधिक ताणावर ती रात्रंदिवस उभी असते. थकायचंच असेल तर हिनं सर्वांत आधी थकायला हवं. पण मुक्या होतात त्या खालच्या. पहिली तार तुटते किंवा गंजून खरखरीत होते, पण तुटेपर्यंत बोलत असते.

पियानोची साक्ष याहून पक्की. पियानोत एकेका तारेवर ७० किलोंच्या आसपास ताण असतो आणि तो कधी उतरवला जात नाही. तरी वरच्या पट्ट्यांच्या साध्या पोलादी तारा चाळीस-पन्नास वर्षं चांगल्या वाजतात. जुन्या पियानोत आधी बसतो तो खर्जाचा भाग. त्याचा आवाज रिकाम्या डब्यासारखा होतो. खर्जाच्या त्या तारांना कुणाचं बोट लागलेलं नसतं, लागतो तो फक्त नमद्याचा हातोडा. तिसरी साक्ष नायलॉनच्या गिटारची. दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारांच्या जागी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा आणल्या, आणि आंद्रेस सेगोविया यांनी त्या वाजवून प्रतिष्ठित केल्या. त्या गिटारवर वरच्या तीन तारा नुसत्या नायलॉनच्या असतात, खालच्या तीन तारांवर धातूचे वेढे असतात. वाजवणारे सांगतात की वरच्यांच्या एका संचात खालचे दोन संच संपतात. पियानो, पोलादी गिटार आणि नायलॉनची गिटार यांत धातू वेगळा, ताण वेगळा, वाजवण्याची तऱ्हा वेगळी. सारखी गोष्ट एकच : मुकी होते ती वेढ्यांची तार.

ही वेढ्यांची तार मुळात आली कशाला? मेर्सेन या फ्रेंच पाद्र्यानं १६३६ साली तारेचा नियम छापला : स्वर खाली न्यायचा तर तार लांब करा, सैल करा किंवा जड करा. गिटारची लांबी हाताच्या आवाक्यानं ठरलेली. सैल केली तर तार पडद्यांवर फडफडते. उरतं जड करणं. खालच्या ई तारेचं वजन मीटरला दहा ग्रॅमच्या आसपास लागतं. तेवढं वजन नुसत्या पोलादात आणायचं तर तार १.३ मिलिमीटर जाडीची होईल, सायकलच्या स्पोकच्या दोन-तृतीयांश. ती तार राहणार नाही, सळई होईल. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, आणि ताठर तारेचे उपस्वर आपल्या जागेवरून वर सरकतात, बेसूर होतात, लवकर विझतात. म्हणून युक्ती अशी की आत बारीक पोलादी गाभा ठेवायचा, ताण त्यानं पेलायचा, आणि त्याच्याभोवती तांब्याच्या मिश्रधातूची तार वेढ्यावेढ्यानं गुंडाळायची. वेढे वजन देतात, पण वाकायला आडवे येत नाहीत, कारण ते एकमेकांना चिकटलेले नसतात. आतड्याच्या तारेवर धातू गुंडाळण्याची ही कल्पना युरोपात सतराव्या शतकाच्या मध्यास आली आणि तिनं वाद्यांचे खर्जच बदलले.

आता तंबोऱ्याकडे पाहा. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे गिटारच्या सर्वांत खालच्या तारेहूनही खाली. तरी तिथं वेढे नाहीत, नुसती पितळी तार आहे. कारण तंबोऱ्याला पडदे नाहीत आणि डाव्या हाताचं कामही नाही. त्यामुळे त्याची बोलती लांबी जवळपास मीटरभर ठेवता येते, तार पुष्कळ सैल ठेवता येते. जिथं डाव्या हाताला काम आहे आणि स्वरही खाली हवा, तिथं आपल्याकडेही वेढे आले. दक्षिणेतल्या सरस्वती वीणेच्या खालच्या तारा गुंडाळीच्या असतात. म्हणजे मिरजेच्या तारेचं आयुष्य मोठं आहे ते तिचा धातू थोर म्हणून नव्हे. तिला वेढ्यांची गरज पडली नाही म्हणून.

वेढ्यांत काय बिघडतं ते आता सांगता येईल. नव्या तारेत दोन वेढ्यांमध्ये केसाहून बारीक फट असते. तार वाकते तेव्हा एका बाजूच्या फटी मिटतात, दुसऱ्या बाजूच्या उघडतात. उपस्वर जितका वरचा, तितके तारेचे बाक आखूड आणि तीव्र, आणि तितकी ही उघडझाप जोराची. या फटींत बोटांची मेलेली त्वचा, तेलकटपणा, घाम आणि धूळ जाऊन बसते. त्यांचा गिलावा झाला की प्रत्येक उघडझापीला घर्षण होतं आणि कंपनाची शक्ती उष्णतेत जाते. मूळ स्वराचे बाक लांब आणि सौम्य, त्याला हा गिलावा फारसा जाणवत नाही. विसाव्या उपस्वराला तो चिखलासारखा धरून ठेवतो. मघाशी चित्रात वरच्या रेषा तोकड्या झालेल्या दिसल्या, त्या यामुळे.

घाम नुसता गिलावा करत नाही, धातू खातोही. घामात मीठ असतं आणि तो बहुधा किंचित आम्ल असतो. वेढ्यांचे धातू मुख्यतः दोन. एक 'ऐंशी-वीस', म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. बाजारात याला ब्राँझ म्हणतात, पण तांबं आणि जस्त म्हणजे पितळ. आपल्या तांबटानं पाहताक्षणी सांगितलं असतं. १९३०च्या दशकात न्यूयॉर्कचे गिटार बनवणारे जॉन डिअँजेलिको यांच्या आग्रहानं हा धातू गिटारच्या तारांवर रुळला, असं सांगतात. दुसरा धातू फॉस्फर ब्राँझ : ९२ टक्क्यांच्या आसपास तांबं, उरलेलं कथील आणि नावापुरता फॉस्फरस. हा खरा काशाच्या कुळातला. डॅडारिओ या मूळच्या इटालियन तारकरी घराण्यानं तो १९७४ साली गिटारवर आणला. पितळी वेढा पहिल्या आठवड्यात अधिक झळाळतो आणि लवकर काळवंडतो. मिठाच्या संगतीत पितळातलं जस्त आधी निघून जातं. फॉस्फर ब्राँझ सुरुवातीला थोडा मवाळ, पण तग धरतो. आज दुकानात मिळणारे बहुतेक संच याच धातूचे असतात.

किनाऱ्यावर हे सगळं भराभर होतं. मुंबई, मालवण, मडगाव इथल्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यात न वाजवलेल्या गिटारवरही पहिल्या तारेला गंजाचे ठिपके येतात, तिच्यावर कथलाचा पातळ मुलामा असूनही. आणि माणसामाणसाच्या हातात फरक असतो. काहींच्या बोटांखाली तार आठवड्यात हिरवट-काळी पडते, काहींच्या बोटांखाली तीन महिने पिवळी राहते. 'शंभर तास' या नियमाचा म्हणूनच मला राग येतो. तास कुणाच्या हाताचे, हे तो विचारत नाही.

घामाबरोबर पडद्यांचा मार असतो. बोटानं दाबली की तार धातूच्या पडद्यावर आपटते आणि वेढ्याच्या पोटाला खळगा पडतो. जुनी तार काढून नखानं खालच्या बाजूनं चाचपली तर पहिल्या पाच पडद्यांच्या खुणा मोजता येतात. मार नसेल तर काय होतं, याचं उत्तर आपल्याच संगीतात आहे. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार हिंदुस्थानी रागसंगीतात आणली ती हवाईयन पद्धतीची. गिटार आडवी ठेवायची, तारा पडद्यांपासून उंच उचललेल्या, आणि स्वर काढायचा तो तारेवरून पोलादी दांडी सरकवून. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीत शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या सोबत हीच गिटार आहे. तिथं तार पडद्यावर आपटतच नाही, त्यामुळे खळगे पडत नाहीत. बोटंही दाबत नाहीत, म्हणून घाम कमी मुरतो. ही गिटार वाजवणाऱ्या ज्या दोघा-तिघांना मी विचारलं, ते तार 'मेली' असं म्हणत नव्हते. 'गंजली' किंवा 'तुटली' म्हणत होते. शब्दच सांगतो की त्यांचं दुखणं वेगळं आहे.

इथवरचं सगळं नादाच्या चवीबद्दल झालं. कुणी म्हणेल, झळाळी गेली तर गेली, गाणं तर वाजतं! पण जुनी तार स्वरही चुकवते, आणि तो भाग लहान मुलांच्या वाट्याला येतो म्हणून जरा थांबून सांगतो.

कोकणातल्या एका शाळेत संगीताच्या खोलीत चार गिटारी होत्या, कुणी देणगीदारानं दिलेल्या. तारा दिल्या दिवसापासूनच्या, म्हणजे निदान तीन वर्षांच्या. आठवीतली एक मुलगी चिकाटीनं बसायची. तिला 'कान नाही' असं वर्गात सांगून झालं होतं. तिनं मला जो प्रश्न विचारला तो मी अनेक वाजवणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलेला नाही : "काका, मोकळी तार यंत्रावर बरोबर दाखवते, मग दाबली की वेगळीच का वाजते?"

कारण असं. नवी तार सगळीकडे सारख्या वजनाची असते, आणि पडद्यांच्या जागा तसं धरूनच ठरवलेल्या असतात. मळ मात्र सारखा बसत नाही. शिकणाऱ्याची बोटं पहिल्या चार-पाच पडद्यांतच फिरतात, म्हणून तारेचा खुंट्यांकडचा अर्धा भाग जड होतो, घोडीकडचा हलका राहतो. मोकळी तार लावताना आपण दोन्हींची सरासरी लावतो. बाराव्या पडद्यावर दाबली की फक्त हलका अर्धा भाग वाजतो आणि स्वर चढतो. वजनात एक टक्का फरक पडला तर स्वर अर्धा टक्का हलतो, म्हणजे साडेआठ सेंट. अर्धस्वराचे शंभर सेंट धरले तर जवळजवळ बारावा हिस्सा. एका तारेवर एवढं चालून जाईल. पण सहा तारा सहा वेगवेगळ्या प्रमाणात मळलेल्या असतील तर कॉर्ड लागणारच नाही. लावून-लावून मूल थकेल. त्यातून पडद्याखाली खळगे पडलेले असले तर ते आणखी थोडी भर घालतात.

पारखायची रीत सोपी आहे. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडायचं आणि लगेच उचलायचं; एक बासरीसारखा स्वर निघतो. मग त्याच पडद्यावर दाबून छेडायचं. वाद्य नीट बांधलेलं आणि तार निरोगी असेल तर दोन्ही स्वर एकच येतात. त्या गिटारवर तिसरी आणि चौथी तार उघड उघड वेगळी बोलत होती. नवा संच चढवला, दोन दिवस तारा बसू दिल्या, आणि दोन्ही स्वर जुळले. मुलीचा कान आधीही ठीकच होता. यंत्र जे पाहत नव्हतं ते तिला ऐकू येत होतं. तारा बदलल्यानं ती रातोरात वाजवू लागली असं नाही. एफचा कॉर्ड तिला पुढेही महिनाभर छळत होता. पण ते छळणं प्रामाणिक होतं.

मुक्या तारेला पुन्हा बोलतं करता येतं का? तारा काढून पाण्यात दहा मिनिटं उकळण्याचा जुना उपाय आहे. बास गिटार वाजवणारे तो अधिक करतात, कारण त्यांच्या तारा महाग. उकळल्यानं वेढ्यांतला तेलकट गिलावा सुटतो, म्हणून तार खरोखर बोलू लागते. यावरूनही दिसतं की आजार थकण्याचा नव्हता. थकलेला धातू उकळत्या पाण्यानं ताजा होत नाही. पण खळगे भरत नाहीत, खाल्लेला धातू परत येत नाही, आणि काढण्या-चढवण्यात गाभा खुंटीपाशी पुन्हा पुन्हा वाकून कमकुवत होतो. जीवदान मिळतं ते थोड्या दिवसांचं. माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वाजवून झाल्यावर सुती फडकं तारेच्या खालून घालून पुसणं. बहुतेक जण वरून पुसतात आणि मळ असतो पोटाला.

दुसरा उपाय उद्योगानं काढला. गोअर-टेक्स हे पाणी अडवणारं कापड बनवणाऱ्या अमेरिकेतल्या गोअर कंपनीनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'इलिक्सर' नावानं आवरणाच्या तारा आणल्या. टेफ्लॉनच्या कुळातल्या पदार्थाचा अतिशय पातळ पापुद्रा वेढ्यांवर बसवलेला, म्हणजे फटी झाकलेल्या. घाम आत शिरतच नाही. या तारा कित्येक पट टिकतात असा विकणाऱ्यांचा दावा असतो. पट किती ते हातावर अवलंबून, पण दाव्याची दिशा खरी आहे. किंमत साध्या संचाच्या दुप्पट-तिप्पट. पहिल्या दिवशी त्या थोड्या मऊ वाजतात, काहींना बोटाखाली निसरड्या वाटतात. उलट साठाव्या दिवशी जवळजवळ तशाच वाजतात. घामट हातांना आणि किनाऱ्यावरच्या माणसांना हा सौदा परवडतो. माझ्या कोरड्या सांगलीकर बोटांना साध्या तारा पुरतात.

आणि मग असेही आहेत ज्यांना मुकी तारच हवी असते. मोटाउनच्या ध्वनिमुद्रणांत बास गिटार वाजवणारे जेम्स जेमरसन तारा तुटल्याशिवाय बदलत नसत, ही गोष्ट जगजाहीर आहे. त्यांच्या चपट्या वेढ्यांच्या, वर्षानुवर्षं मुरलेल्या तारांचा घुमा, गोल आवाज ही त्या संगीताची ओळख झाली. साध्या गिटारवरही जुन्या ब्लूजची धाटणी ज्यांना हवी असते, ते नव्या तारांना आठवडाभर 'मुरू' देतात. तेव्हा झळाळी म्हणजेच चांगला नाद, हे काही निसर्गानं ठरवलेलं नाही. पण जेमरसन मुकेपण निवडत होते. त्या शाळेतल्या मुलीला ते निवडायला कुणी दिलं नव्हतं.

तंबोऱ्याच्या दीर्घायुष्याचा दुसरा अर्धा भाग अजून सांगायचा आहे. गिटारची घोडी म्हणजे एक धारदार कड. तार तिथं संपते. तारेत जे असेल तेच बाहेर येतं. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. तार तिच्यावर लोळत, घासत, क्षणोक्षणी टेकत-सुटत वाजते. खालचा जवारीचा दोरा ती टेकण्याची जागा नेमकी करतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या एका छोट्या निबंधात दाखवलं की या घोडीमुळे तारेत असे उपस्वरही उमटतात, जे छेडण्याची जागा पाहता यायलाच नकोत. म्हणजे तंबोऱ्याची झळाळी केवळ तारेत साठवलेली नसते. घोडी ती प्रत्येक झोक्याला नव्यानं घडवत असते. तार काळवंडली तरी घोडी शाबूत असेल तर स्वयंभू गंधार येत राहतो.

याची किंमतही आहेच. तार घोडीला चरते, घोडीत बारीक चर पडतात आणि एक दिवस तंबोरा मंद होतो. तेव्हा मिरजेत कुणी 'तार गेली' म्हणत नाही. 'जवारी बिघडली' म्हणतात. मग कारागीर तारा बाजूला करून हाडाची किंवा फायबरची, पूर्वी शिंगाची किंवा हस्तिदंताची, घोडी कानशीनं पुन्हा उघडतो, आणि बहुधा त्याच तारा परत चढवतो. गिटारवाला पाकीट फाडतो, तंबोरेवाला कारागिराकडे जातो. एकानं झिजणारा भाग बदलण्याजोगा ठेवला, दुसऱ्यानं घासण्याजोगा. पहिल्यासाठी कारखाना लागतो, दुसऱ्यासाठी जवारीचा कान असलेला माणूस. अशी माणसं मिरजेत आता थोडी उरली आहेत, आणि त्यांचा कान पाकिटात भरून मिळत नाही.

मग गिटारच्या तारा केव्हा बदलाव्यात, असं विचारणाऱ्यांना मी तारीख सांगत नाही. खालून तिसरी, म्हणजे डी तार छेडा आणि तिच्यात गंधार शोधा. घोडीजवळ छेडलीत तर नव्या तारेत तो दोन सप्तकं वर स्पष्ट तरंगतो. तो शोधावा लागू लागला की बाराव्या पडद्याची परीक्षा घ्या. माझ्या कानाला डी आणि जी याच तारा सर्वांत आधी बसतात. जीचा गाभा वेढ्यांच्या तारांत सर्वांत बारीक, त्यामुळे ती कधी कधी तुटतेही. पैसे मोजके असतील तर खालच्या चार बदला आणि वरच्या दोन, गंज नसेल तर, राहू द्या. सुट्या तारा मिळतात. दुकानदार आधी पूर्ण संच पुढे करील, पण मागितल्या की देतो. त्या शाळेत आता दर जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुटीनंतर चारही गिटारींच्या खालच्या चार-चार तारा बदलतात. खर्च दोन पालकांनी वाटून घेतला आहे, आणि पुसायचं फडकं प्रत्येक पेटीत खिळ्याला बांधून ठेवलं आहे, कारण नुसतं ठेवलेलं फडकं पहिल्याच आठवड्यात फळा पुसायला गेलं होतं.